बाहेरून ऐकलेला पिक्चर

शेंगामावशीइतकं चांगलं रडणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. रडणारी माणसं पुष्कळ पाहिली. पांढरकवड्याच्या आसपास त्या वर्षांत रडण्याला काही तोटा नव्हता. पण इतरांचं रडणं आपलं आपण येतं आणि आपलं आपण जातं. मावशीचं तसं नव्हतं. मयतीच्या घरी गेली की ती आधी ओट्यावर नुसती टेकायची, पदराने मानेचा घाम पुसायची आणि शेजारच्या बाईला हळूच विचारायची, "नाव काय व त्याचं? खाले काय आवडे? जीव कोणावर होता?" एवढं कळलं की तिला पुरे. मग ती गळा काढायची, आणि त्या गळ्यातून मेलेल्या माणसाचं नाव, त्याची आवडती अंबाडीची भाजी, त्याने हौसेने आणलेला गोऱ्हा, त्याची शाळेत जाणारी लेक असं सगळं ओळीने येत जायचं. परक्या माणसाला वाटावं, ही बाई याच घरात जन्मभर नांदली आहे.

बोल लावून रडणाऱ्या बाया आमच्याकडे गावोगाव असतात. मावशीचं वेगळेपण असं की तिचं लक्ष मेलेल्याकडे नसायचंच. घरात एखादी बाई भिंतीला टेकून कोरडी बसलेली असते, तिच्या घशातून आवाज फुटत नाही, डोळा मिटत नाही, तिच्याकडे मावशीचा रोख असे. तिच्यासमोर बसून, तिचा हात हातात धरून मावशी रडत राहायची. कधी लगेच, कधी दिवस कलल्यावर ती बाई फुटायची. ती फुटली की मावशी पदर झटकून उठे. घोटभर चहाही घेत नसे. घरी येऊन बाहेरच आंघोळ करायची, कडुलिंबाचा पाला दाताखाली धरायची आणि आपल्या धंद्यावर येऊन बसायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, एवढं रडू आणता कुठून?" तेव्हा ती म्हणाली, "हापशी पाहिली न बाबू? कोरडी पडली का किती दांडा हाना, हवाच येते. अंदर तांब्याभर पाणी ओता लागते, मंग थे खालचं पाणी वर आणते. पाणी त्याइचंच असते. मी निरा तांब्या हाय."

तिचा धंदा म्हणजे शेंगा. आमच्या टॉकीजच्या फाटकाशी, थर्ड क्लासच्या भिंतीला पाठ लावून ती बसायची. समोर मातीची चूल, तिच्यावर काळीठिक्कर कढई, कढईत रेती आणि रेतीत भुईमुगाच्या शेंगा. मी बुकिंगच्या खिडकीत. खिडकीच्या भोकातून मला अर्धी मावशी दिसायची: उजवा हात, झारा आणि कढई. टॉकीजचा शेठ वर्षातून दोनदा नागपूरहून येऊन आम्हाला शिव्या देऊन जायचा. बाकी वर्षभर ऑपरेटर, मी आणि मावशी असं आमचं राज्य होतं. मला ती "तिकीटबाबू" म्हणायची. माझं खरं नाव तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला तिचं नाव तरी कुठे ठाऊक होतं!

इतकी वर्षं टॉकीजच्या दारात काढून मावशीने एकही पिक्चर पाहिला नव्हता. मी कितीदा म्हटलं, बसा हो आत, तुम्हाला कोण तिकीट मागतो! तर म्हणायची, "अंदर बसलो तं इंटरव्हलच्या शेंगा कोण भाजन? तुहा शेठ?" पण तिने सगळे पिक्चर ऐकलेले होते. थर्डच्या भिंतीला वर हवेसाठी भोकं होती, त्यांतून आवाज थेट तिच्या डोक्यावर उतरायचा. त्यावरून ती आपली आपण गोष्ट जुळवायची आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायची. मारामारीच्या एका पिक्चरमधला खदाखदा हसणारा व्हिलन तिच्या मते दम्याचा पेशंट होता, आणि हिरो त्याला औषध द्यायचं सोडून मारतो म्हणून तिला हिरोचा राग होता. दुसऱ्या एका पिक्चरमध्ये म्हाताऱ्या आईचा हुंदका आणि गुंडाचा ओरडा एकाच सुरात होता, म्हणून तो गुंड तिचाच हरवलेला लेक असल्याचं तिने पहिल्याच खेळाला ठरवून टाकलं. तो नव्हता. पण असायला हवा होता असं मलाही नंतर वाटू लागलं. मी सगळे पिक्चर आतून पाहिले, फुकट पाहिले, आणि आज त्यांतला एकही धड आठवत नाही. मावशीचे आठवतात.

मग ती वर्षं आली. त्यांच्याबद्दल लिहायचा मला कंटाळा आहे. फार जणांनी लिहून झालं आहे, आणि लिहिणारे बहुतेक बाहेरून गाडी करून आलेले होते. कापूस घरात पिवळा पडायचा, जिनिंगची धुराडी थंड पडली, आणि बाजाराच्या दिवशी टॉकीजसमोर उभ्या राहणाऱ्या बैलगाड्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. पूर्वी दिवाळीच्या पुढे कापूस विकून आलेलं आख्खं घर पिक्चरला यायचं, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत. आता आमचा पब्लिक म्हणजे हैदराबाद रोडवरचे ट्रकवाले, आणि ते यायचे पंख्याखाली झोपायला. चांगला पिक्चर लावणं शेठला परवडेना. मग त्याने स्वस्तातले इंग्रजी पिक्चर आणायला सुरुवात केली, हिंदीत बोलणारे. त्यांत एक तर साप असायचा, नाही तर मगर, नाही तर खुनी. कोणी पाहो न पाहो, आम्ही लावत होतो. घरात माणूस नसलं तरी संध्याकाळी दिवा लावतात, तसं.

आमचा धंदा बसला तसा मावशीचा दुसरा धंदा वाढला. कर्जापायी कोणी औषध प्यायचं, कोणी फास घ्यायचं. आज या गावाहून निरोप, उद्या त्या तांड्यावरून, परवा जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून. ती एसटीने जायची, कोणाच्या सायकलवर जायची, पायी जायची. जातपात, ओळखदेख काही विचारायची नाही. नाव, आवड, जीव, एवढंच विचारायची. परत यायची ती ओल्या लुगड्यानिशी, आणि चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. शेंगा करपायच्या. एकदा म्हणाली, "बाबू, एका घरचं आंग धुवून होत नाही तं दुसऱ्याचा सांगावा येते. मले आता नावं मिसळून राह्यले. काल एका घरी मी पहिल्याच्याच बैलासाठी रडलो. या घरी बैलच नव्हता." मी हसलो. ती हसली नाही.

आणि एके दिवशी तांब्या रिकामा झाला. झाला तोही तिच्या स्वतःच्या माणसाच्या दारात.

मावशीला मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण लवकर गेली, तिची लेक रंजना मावशीने वाढवली आणि तिचं लग्नही मावशीनेच लावून दिलं. जावई प्रमोद जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या कामावर होता. चांगला हसरा माणूस. बाजाराला आला की मावशीजवळ बसून जायचा, आणि मावशी त्याला शेंगांचा पुडा बांधून दिल्याशिवाय सोडायची नाही. जिनिंग बंद पडल्यावर तो लोकांच्या वावरात फवारणीच्या रोजीवर जाऊ लागला. एका दुपारी पाठीवर पंप असतानाच तो कपाशीत खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मावशी गेली. रंजी भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. मावशीने तिचा हात धरला, तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. आलेल्या बाया वाट पाहत राहिल्या. कोणी पाणी आणून दिलं. मावशीने पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. ही हकीकत मला मावशीनेच सांगितली, झारा हलवत, माझ्याकडे न पाहता. "साऱ्या मुलखासाठी रडलो न बाबू, अन् माह्या लेकराच्या दारी मी मुकी झालो. रंजी माह्या तोंडाकडे पाहून राह्यली. तिले वाटलं, मावशी रडन तं मी रडीन. अन् मी कोरडी ठणठणीत."

तेरवी होऊन गेली तरी रंजी रडली नाही. बोलेना. समोर ठेवलं तर खायची, उठवलं तर उठायची. रात्रीची झोप नाही. सासू बरी बाई होती, तीच घाबरली. आमच्याकडे म्हणतात, न रडलेलं दुःख माणसाला आतून खातं. मावशीला ते म्हणायचीही गरज नव्हती, तिने अशी खाल्लेली माणसं पाहिली होती. ती रोज एसटीने जायची, रंजीपुढे बसायची आणि तशीच परत यायची. बाहेरून गाड्या करून आलेली माणसंही तिथे येऊन गेली. त्यांनी विचारलं, औषध कोणतं होतं, तोंडाला फडकं बांधलं होतं का, किती वाजता पडला. रंजीने उत्तर दिलं नाही. सासऱ्याने दिलं.

त्याच सुमाराला आमच्याकडे खुनाचा पिक्चर लागला. जंगलातला बंगला, सुट्टीला आलेली कॉलेजची पोरंपोरी, आणि तोंडावर वेल्डिंगवाल्याचा लोखंडी मुखवटा चढवलेला एक धिप्पाड माणूस, हातात टोकदार आकडा. तो एकेकाला मारतो. एवढीच गोष्ट. पोस्टरवर लिहिलं होतं, कमजोर दिलवाल्यांनी पाहू नये. पहिल्या दिवशी ट्रकवाल्यांनी पाहिला आणि बिनघोर झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी खिडकीशी आली. "बाबू, या पिक्चरमधी कोण मेलं?"

"पुष्कळ जण," मी म्हटलं. "एक पोरगी सोडून सगळेच."

"मंग बरोबर हाय. बाया लय रडून राह्यल्या. दोन दिसापासून ऐकून राह्यलो. असं रडनं म्या पिक्चरमधी पहिल्यांदा ऐकलं. निरा जीव तोडून." ती खिडकीच्या भोकाशी वाकली. "रंजीले आणतो. मले होत नाही तं त्याइचं रडनं पाहून तरी तिचं फुटन."

तिला रडणं वाटत होतं ते किंचाळणं होतं, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, "मावशी, हा पिक्चर तसा नाही हो." ती म्हणाली, "पिक्चर कसाबी असो, माणूस मेल्यावर मागचे रडतातच न? का त्याइच्यात रडत नाहीत?"   आणि खरं सांगतो, मलाही वाटलं, न जाणो, होईलही काही. त्या दिवसांत आम्ही सगळेच कशावरही विश्वास ठेवत होतो.

नुकतीच विधवा झालेली सून पिक्चरला जाते म्हटल्यावर गावाने काय केलं असतं, ते सांगायला नको. मावशीने सासूला सांगितलं, पांढरकवड्याला एक मयत आहे, रंजीला नेते. नेहमीची बाई, नेहमीचं काम. सासूने उलट बरं म्हटलं, जरा बाहेर पडेल. मला हे कळलं तेव्हा मी म्हणालो, "खोटं बोललात की!" तर मावशीला मनापासून नवल वाटलं. "खोटं काहून? मयती तं हायतच न अंदर."

दुपारचा खेळ होता. दोघी मयतीला जातात तशाच आल्या. साधी लुगडी, डोक्यावर पदर, पायांत वहाणा नाहीत. रंजी चोवीस-पंचविशीची असेल. दिलेल्या जागी बसली आणि पडदा पांढरा असतानाच त्याच्याकडे टक लावून पाहू लागली. मी त्यांना बाल्कनीत मागच्या रांगेला बसवलं, खिडकी बंद केली आणि त्यांच्या मागे जाऊन बसलो. खाली पाचसहा ट्रकवाले आडवे झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा आत बसलेली मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली होती, ओट्यावर टेकते तशी.

पहिला खून झाला. झऱ्यावर गेलेला एक पोरगा. मावशीने पदर सावरला आणि वाट पाहिली. पुढच्या सीनमध्ये बाकीची पोरं गाणं लावून नाचत होती. मावशी वळून मला म्हणाली, "त्याइले कळलं नाही वाटते अजून."

"नाही कळलं."

"कळवा लागते न कोणीतरी," ती म्हणाली, आणि पुन्हा समोर पाहू लागली.

मग एक पोरगी न्हाणीघरात गेली आणि फवाऱ्याखाली उभी राहिली. अशा ठिकाणी आमच्याकडे शिट्या वाजतात. ट्रकवाले झोपेत होते म्हणून वाजल्या नाहीत. मावशीने समाधानाने मान हलवली. "बरोबर हाय. घरी मयत झाली न. पहिले आंग धुतलं पाहिजे. चांगल्या घरची दिसते पोरगी." तेवढ्यात मागून तो आकडेवाला आला आणि चांगल्या घरच्या पोरीचा निकाल लागला. पोरगी किंचाळली. भोकांतून दोन दिवस बाहेर येत होतं तेच ते किंचाळणं. मावशीने ते ओळखलं.  मग हळू आवाजात म्हणाली, "हे रडनं नव्हतं तं. हे निरा भेव होतं."

इंटरव्हल झाला. उठून शेंगा भाजायला जाईल असं मला वाटलं होतं, पण ती जागची हलली नाही. बाहेर त्या दिवशी शेंगा नव्हत्याच. तिने विचारलं, "बाबू, याइचे घरचे कधी येतात?"

"येत नाहीत, मावशी."

"कोणाचेच?"

"कोणाचेच नाही येत."

"मंग उचलन कोण याइले?" तिने विचारलं. पिक्चरमध्ये मेलेल्यांना कोणी उचलत नाही, पडलेले तसेच पडून राहतात, हे तिला सांगताना मला उगाचच लाज वाटली. जणू पिक्चर मीच काढला होता.

पुढचा अर्धा भाग तिने नेटाने पाहिला. प्रत्येक खुनानंतर म्हणायची, "आता रडतीन." ते पळायचे. एकदा एक पोरगी मेलेल्या मैत्रिणीला ओलांडून पळाली, तेव्हा मावशीच्या तोंडून मोठ्याने निघालं, "अवं, पांघरूण तरी टाक व तिच्यावर!" खालून एक ट्रकवाला झोपेतच ओरडला, "चूप बे!" रंजी तेवढी न हलता पाहत होती. तिला भीतीही वाटत नव्हती. पडद्यावरचा उजेड तिच्या तोंडावर पडायचा आणि जायचा.

शेवटी एकच पोरगी उरली. सकाळ झाली, पोलिसांच्या गाड्या आल्या. कोणीतरी तिच्या खांद्यांवर चादर टाकली आणि निघून गेलं. ती एका पायरीवर बसली, समोर बघत, डोळे कोरडे. कॅमेरा तिच्यापासून दूर दूर जाऊ लागला. मावशी उठून उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "रड न व माय," ती पडद्याला म्हणाली. "आता तरी रड."

त्यावर इंग्रजी नावं सरकू लागली आणि ऑपरेटरने दिवे लावले.

बाहेर आल्यावर मावशी सवयीने आपल्या जागेवर जाऊन बसली, भिंतीला पाठ लावून. चूल थंड होती. रंजी तिच्या बाजूला बसली. मी चहा सांगितला, तो कोणी घेतला नाही. मग मावशीने तक्रार सुरू केली. इतका उतरलेला तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तिने त्या पिक्चरवर आपल्या लेकीचा भरवसा टाकला होता, आणि तो साफ फसला होता. "कसा मेला थे दाखोते," ती म्हणाली. "आकडा कुठून गेला, रगत कुठं उडालं, सारं दाखोते. कोण मेला थे दाखोतच नाही. थे न्हाणीतली पोरगी, तिचं नावबी सांगतलं नाही. बाहेरून ऐकलेला पिक्चर बरा होता, बाबू. बाहेरून मले वाटे का त्याइले कोणी हाय."

 रस्त्यावरून एक ट्रक गेला. आणि मग मला अनोळखी असलेला एक आवाज आला, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. रंजी बोलत होती.

"मावशे, थे शेवटची पोरगी," ती म्हणाली. "तिच्या आंगावर चादर टाकली न सारे निघून गेले. तिले कोणी इचारलंच नाही."

 अगदी मयतीच्या घरी विचारते त्याच आवाजात मावशीने विचारलं, "काय इचारा लागत होतं व?"

"तेच. जे तू इचारतं."

"मंग सांग. नाव काय त्याचं?"

आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. रंजीने खाली पाहिलं, थंड चुलीतल्या राखेकडे. "प्रमोद," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "प्रमोद."

"खाले काय आवडे?"

"शेंगा." तिच्या तोंडाची एक कड हलली. "पन तुह्या नाही. उकडलेल्या, मीठ घातलेल्या. भाजलेल्या त्याइले चालतच नव्हत्या. तू पुडा देस न, थो वाटेनं मलेच देत अन् म्हणत, मावशीले सांगजो नको, थे नाराज होईन."

"अव बाप्पा!" मावशी म्हणाली. "अन् मी दर बाजाराले पुडे बांधून बांधून देत होतो!"

रंजी हसली. खरंच हसली. आणि ते हसू अर्ध्यात आल्यावर मावशीने तिसरा प्रश्न विचारला, "जीव कोणावर होता व त्याचा?"

रंजीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती फुटली. असं रडणं मी त्या फाटकाशी कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या पानवाल्याने रेडिओ बंद केला. आत झोपलेले ट्रकवाले उठून बाहेर आले, पाहिलं, आणि गपचूप रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. "माह्यावर वो मावशे, माह्यावर," एवढंच रंजी पुन्हा पुन्हा म्हणत होती. मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पाठीवर हात फिरवत होती. तिचे स्वतःचे डोळे तसेच कोरडे होते. ती फार दमलेली दिसत होती, आणि बरी दिसत होती.

उन्हं उतरल्यावर तिने रंजीला टॉकीजमागच्या नळावर नेलं, अंगावर पाणी घेतलं, मला कडुलिंबाची डहाळी आणायला पिटाळलं. "मयतीवरून आलो न," ती म्हणाली, "असंच घरी गेलं तं सासू काय म्हणन?" मीही तोंडात पाला धरला. त्या कडू तोंडाने मी संध्याकाळच्या खेळाची तिकिटं फाडली. चारच फाडली असतील.

त्यानंतर मावशी मयतीला जायची ती नुसती बसायला. रडायची नाही. पण तिचे प्रश्न सुटले नाहीत, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम व्हायचं. मलाही ती खोड लागली. आज इतक्या वर्षांनी, टीव्हीवर कुठे अपघात, कुठे पूर, इतके मेले असं सांगतात तेव्हा माझ्या तोंडून निघून जातं, त्यांतल्या एकाला तरी खायला काय आवडायचं ते सांगा रे. घरची माणसं माझ्याकडे पाहतात आणि चॅनल बदलतात.

टॉकीज पुढे बंद पडलं. आता तिथे सिमेंटचं गोदाम आहे. मी नातेवाइकाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो, आणि पाठीमागून आवाज येत नाही याची मला अजून सवय झालेली नाही. मावशी रंजीकडे राहायला गेली. मधूनमधून शेंगांचा पुडा पाठवायची. उकडलेल्या, मीठ घातलेल्या. कढई बदलली नाही, पण शेंगा बदलल्या.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एसटी पकडून गेलो. म्हातारी होऊन, अंथरुणात, झोपेत गेली होती. अशी मयत त्या गावाने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. बाया जमल्या होत्या, पण घर गप्प होतं. जिने रडायचं तीच पुढ्यात आडवी होती. रंजी उठून माझ्याजवळ आली. तिचे केस कानांवर पांढरे झाले होते. तिने हळूच विचारलं, "बाबूजी, मावशीले खाले काय आवडे?"

 एवढी वर्षं तिच्या हातच्या शेंगा खाल्लेली माणसं आम्ही, आणि तिला कधी काही आवडीने खाताना दोघांनीही पाहिलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "खायचं नाही सांगता येत. पण तिला पिक्चर ऐकायला आवडायचे. भिंतीतून."

रंजीने मान हलवली. जाऊन मावशीच्या उशाशी बसली, पदराने मानेचा घाम पुसला आणि गळा काढला. "माह्ये मावशे वो, मले पिक्चर दाखवाले नेलं वो. तुले काही आवडला नाही वो. मेलेल्यासाठी कोणी रडलं नाही वो." बाया चमकल्या. मयतीच्या घरी पिक्चर कुठून आला त्यांना कळेना. सासू तर तोंड उघडं टाकून बघत राहिली. इतक्या वर्षांनी तिला ती पांढरकवड्याची मयत कोणती होती ते कळत होतं. मला हसू फुटलं. मी दुपट्टा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं, आणि तिथे माझं ते हसू हसू राहिलं नाही. एकेक करून सगळं घर रडू लागलं.

रंजी थांबली नव्हती. मावशीच्या थंड कानाशी वाकून ती म्हणत होती, "पाह्य वो मावशे, आता सारे रडून राह्यले वो. भिंतीपल्याड ऐकू येते का वो?"